शेजारचं बाळ चालायला लागलं, आमचं कधी?

मागच्या अंकात बाळांच्या झोपेवर लिहिलं होतं, तर त्यावरच पत्रं येतील असं वाटलेलं, पण आली ती भलत्याच विषयावर. बाळ उपडं कधी होतं, बसतं कधी, रांगतं कधी, बोलतं कधी. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं, की जावेचं किंवा शेजारचं किंवा सोसायटीच्या ग्रुपवरचं बाळ हे केव्हाच करायला लागलं. अहो, आपलं बाळ अजून काय करत नाही याचा व्हिडिओ कुणी ग्रुपवर टाकतं का? टाकत नाही, म्हणून तुम्हाला सगळी पुढे गेलेलीच दिसतात. पत्रं मी थोडी कापलीत आणि नावं नेहमीप्रमाणे देत नाहीये.

प्रश्न: ताई, मला तू म्हटलंत तरी चालेल. माझी मुलगी साडेदहा महिन्यांची आहे. छान बसते पण रांगत नाही, बुडावर बसल्या बसल्याच घासत घासत पुढे जाते. नणंदेचा मुलगा आठव्या महिन्यात घरभर रांगायचा. सासूबाईंनी वॉकर आणलाय, म्हणतात यात बसवलं की पाय मोकळे होतील. बसवू का? आणि रांगायचं राहून गेलं तर मुलं पुढे गणितात मागे पडतात असं एका रीलमध्ये बघितलं, तेव्हापासून झोप लागत नाहीये. – एक आई, चिंचवड

उत्तर: आधी त्या रीलचं, म्हणजे तुला झोप तरी लागेल. रांगलं नाही म्हणून गणित कच्चं राहतं असं काहीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या आठशेवर निरोगी बाळांची नोंद ठेवली होती, आपल्याकडची बाळं दिल्लीची होती, आणि २००६ साली ते आकडे छापून आले. त्यात साधारण ४.३ टक्के बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली आणि चालायला लागली. जी रांगली त्यांची मुदत पण केवढी मोठी बघ, कुणी सव्वापाच महिन्यांत तर कुणी साडेतेरा महिन्यांत. आधाराशिवाय चालायची मुदत तर सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. म्हणजे एक बाळ चालायला लागल्यावर दुसरं नऊ महिन्यांनी चालायला लागलं तरी दोन्ही ठणठणीत. अमेरिकेतल्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, बाळ कुठल्या वयात काय करतं याची आपली यादी २०२२ मध्ये नव्याने केली त्यात तर रांगणं ठेवलंच नाही. (डॅलसहून एका वाचक बाईंनी हेच विचारलं होतं, की आमच्या यादीत रांगणं छापायचं राहिलंय का. राहिलेलं नाही, काढलंय.)

बुडावर सरकणारी बाळं मी भरपूर बघितलीत. घरात विचारून बघ, आत्या किंवा मामा कुणीतरी असंच सरकत होतं असं बरेचदा निघतं. ही बाळं चालायला जरा उशीर करतात, कारण जिथे जायचंय तिथे ती बसल्या बसल्याच पोचतात मग उठायची घाई कशाला. तू फक्त एवढं बघ की सरकताना दोन्ही बाजू सारख्या वापरते का, का दरवेळी एकच पाय ओढल्यासारखा मागे राहतो. काखेत धरून उभी केली की पायांवर थोडा भार देते का, आणि पाय फार कडक किंवा अगदीच लुळे वाटत नाहीत ना. हे ठीक असेल तर निवांत राहा. दीड वर्षाची झाली आणि स्वतःची स्वतः चार पावलं टाकत नसेल तर मात्र दाखवायचं, तेव्हा "नणंदबाईपण उशिराच चालल्या होत्या" हे ऐकून घरी बसायचं नाही.

आता वॉकर. नको. त्यात बाळ लोंबकळतं, चवड्यांवर ढकलत पळतं, स्वतःचे पाय स्वतःला दिसत नाहीत आणि तोल सांभाळायचा प्रश्नच येत नाही, म्हणजे चालायला जे शिकायचं नेमकं तेच त्यात शिकायला मिळत नाही. शिवाय एका सेकंदात जिन्यापाशी नाहीतर गॅसपाशी. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातलीये. पण सासूबाईंचं मन मोडू नकोस, त्यांना पांगुळगाडा आणायला सांग. तो आणि वॉकर एकच असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पांगुळगाड्यात बाळ बसत नाही, मागे उभं राहून दांडा धरून ढकलतं, भार स्वतःच्या पायांवर, तोल स्वतःचा. आमच्या घरचा लाकडी गाडा फार पळायचा म्हणून आजोबांनी त्याच्यावर वरवंटा बांधून ठेवला होता, आणि वाटण वाटायची वेळ झाली की आजी तो सोडून न्यायची, मग आमची फेरी बंद. तर हे असलं काहीतरी वजन ठेवावं लागतं. पण हे सगळं ती धरून स्वतःहून उभी राहायला लागल्यावर. आत्ता खाली गोधडी अंथर, मोजे काढ, कारण हल्लीच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेलं बाळ पाय रोवणार कसं, आणि आवडीची वाटी सोफ्यावर हाताला जेमतेम येईल अशी ठेव. वॉकरची पावती असेल तर बदलून घे.

प्रश्न: आमचा मुलगा ३२ आठवड्यांचाच झाला, पेटीत महिनाभर होता. आता आठ महिने पूर्ण झालेत तरी आधाराशिवाय बसत नाही. त्याच आठवड्यात झालेली बिल्डिंगमधली मुलगी टुणटुणीत बसते. घरात कुणी बोलत नाही पण सगळे बघत असतात. – एक बाबा, सोलापूर

उत्तर: ती मुलगी आणि तुमचा मुलगा एका वयाचे नाहीतच, तुम्ही उगाच एका रांगेत उभे करताय. नऊ महिने नऊ दिवस म्हणतो ते डॉक्टरांच्या हिशोबात ४० आठवडे. तुमचा आला ३२ व्या आठवड्यात, म्हणजे ८ आठवडे आधी, तर वाढीच्या बाबतीत त्याच्या वयातून सरळ दोन महिने वजा करायचे. आज तो आठ महिन्यांचा नाही, सहा महिन्यांचा आहे. आणि सहा महिन्यांची कितीतरी बाळं पुढे हात टेकून बेडकासारखी बसतात नि कलंडतात. आधाराशिवाय बसायची मुदत सव्वानऊ महिन्यांपर्यंत आहे, ती पण दुरुस्त केलेल्या वयाने धरा. हा हिशोब दोन वर्षांचा होईपर्यंत ठेवायचा. फ्रिजवर एक कागद लावा, खरी तारीख आणि वजाबाकीची तारीख अशा दोन्ही लिहून, म्हणजे बघणाऱ्यांनाही कळेल. फक्त लसी वजाबाकीने द्यायच्या नाहीत हं, त्या जन्मतारखेप्रमाणेच. हा घोळ मी अनेक घरांत बघितलाय.

पण लवकर आलेल्या बाळाकडे बाकीच्यांपेक्षा जरा जास्त बारीक बघावं लागतं, हेही तितकंच खरं. पेटीतून घरी आल्यावर डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली होती का ती फाइल काढून बघा, झाली नसेल तर या आठवड्यात करा. काखेत धरून उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातायत का, मुठी सारख्या गच्च मिटलेल्या असतात का, एकाच बाजूचा हात चालतो का, तुमच्या चेहऱ्यावर नजर टिकते का. यातलं काही खटकलं तर वजाबाकी बाजूला ठेवायची आणि लगेच दाखवायचं. या वयात फिजिओथेरपी लवकर सुरू झाली तर जो फरक पडतो तो दोन वर्षांनी सुरू करून पडत नाही.

प्रश्न: अकरावा महिना संपत आला तरी एकही दात नाही. बाकी सगळं करते. काळजी करू का? – एक आजी, सांगली

उत्तर: नाही. दातांचा आणि हुशारीचा काही संबंध नाही, आणि तेरा-चौदा महिन्यांपर्यंत पहिला दात आलेला नसला तरी बरेचदा ते घराण्यातलंच असतं. वरण-भात मिक्सरमधून काढू नका, हिरड्यांनी छान चावतात मुलं. दीड वर्षापर्यंत एकही आला नाही तर डेंटिस्टला दाखवा.

प्रश्न: मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा. आई, बाबा, भूभू, नाई आणि गाडीला "डूं", एवढेच शब्द. बाकी सगळं माझा हात धरून नेऊन दाखवतो. आम्ही बंगळुरूला असतो, घरी मराठी, सांभाळणाऱ्या दीदी हिंदी बोलतात, डेकेअरला इंग्लिश आणि कन्नड. डेकेअरवाल्या म्हणतात घरी एकच भाषा ठेवा, म्हणजे इंग्लिश. सासूबाई म्हणतात याचा बाबापण तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, वेखंड उगाळून जिभेला लाव. मिस्टरांना वाटतं जीभ चिकटलीये, दोरा कापून घेऊ. जेवताना मोबाइल लागतो, हेही खरं ते सांगते. – एक आई

उत्तर: तुमच्या पत्रात जो तो आपापलं कारण सांगतोय, पण त्याचे कान कुणी तपासलेत असं कुठेच दिसलं नाही. पहिलं काम ते, बाकी सगळं नंतर.

मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. दीड वर्षाची मुलगी, बोलत नाही म्हणून आई घेऊन आली होती. मी मागे उभं राहून टाळी वाजवली, वळली. स्टीलची ताटली खाली टाकली, वळली. मी म्हटलं ऐकू तर छान येतंय, थोडं थांबून बघू. आठ महिन्यांनी बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, झाली तेव्हा दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. ताटली पडली की फरशी थरथरायची ते तिला पायांना कळायचं, आणि टाळीला तिची आई दचकायची, तर ही आईचा चेहरा बघून मागे वळायची. इतकी चलाख पोरगी. ते आठ महिने माझ्या "थांबून बघू"ने खाल्ले. तेव्हापासून मी टाळी वाजवून कान तपासत नाही आणि तुम्हीही ताट वाजवून खात्री करून घेऊ नका. ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ती तपासणी, आणि गरज पडली तर बेरा, दोन्ही बाळ झोपलेलं असताना होतात, टोचणं नाही काही नाही. जन्मल्यावर ओएई पास झाला होता असं म्हणाल तर तो तेव्हाचा झाला, नंतर वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठून राहिलं तरी ऐकणं कमी होतं.

आता भाषा. जास्त भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मुकं राहत नाही. फक्त मोजताना सगळ्या भाषांचे शब्द एकत्र मोजायचे, "पाणी" नाही पण "वॉटर" म्हणतो तर तो शब्द धरायचा, भूभू आणि डूं पण धरायचे. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि "बाबा गेले", "दूध दे" असे दोन-दोन शब्द जोडणं आपण बघतो, तुमच्याकडे सगळं धरून पाच आहेत, म्हणजे हे मागे आहे आणि मी गोड बोलून ते झाकणार नाही. पण त्यासाठी मराठी बंद करायचं काहीच कारण नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गुणगुणता ती भाषा बोला. आईने मोडक्या इंग्लिशमध्ये "कम हिअर, सिट डाऊन" एवढंच बोलायचं यात मुलाला मिळतं काय?

जीभ: ओठाला लागलेलं श्रीखंड चाटतो ना? जिभेखालचा दोरा आखूड असेल तर अंगावर पिताना त्रास होतो, पुढे एखाददुसरा उच्चार अडकू शकतो, पण शब्द यायचेच थांबत नाहीत. कापायची घाई नको. वेखंड तर मुळीच नको, त्याने लहान मुलांना उलट्या होऊ शकतात आणि जिभेला काही चोळून शब्द येत नसतात.

बाबांचं म्हणाल तर सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. उशिरा बोलणं घराण्यात असतं, आणि अशी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात. अडचण एवढीच की आपोआप येणारं कोण आणि मदत लागणारं कोण हे आज कपाळावर लिहिलेलं नसतं. शिवाय तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी, बाबा नक्की दोन वर्षांचे होते का तीन, कुणाला आठवतंय. त्यापेक्षा आज मुलगा काय करतो ते बघू. हातवारे न करता, नजरेने न दाखवता "बाबांची चप्पल आण" म्हटलं तर आणतो का? खिडकीत काऊ आला की बोट काऊकडे करून वळून तुमच्याकडे बघतो का, की बघ बघ आई? तुम्ही लिहिलंय हात धरून नेतो, त्यात पण दोन तऱ्हा. तुमच्या चेहऱ्याकडे बघत ओढून नेतो का, की नुसता तुमचा हात चमच्यासारखा वापरून डबा उघडून घेतो? समजतं सगळं, बोटही दाखवतो, नजरेत नजर घालून हसतो असं असेल तर मला बरंच हायसं वाटेल. नसेल तर कानांच्या तपासणीबरोबरच डेव्हलपमेंटल पीडिॲट्रिशियनची, म्हणजे मुलांचा विकास बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या, ते ऑटिझमची शंका आहे का हे बघायला वीस प्रश्नांची एक यादी भरून घेतात जी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे, म्हणजे तुमच्याकडे अजून चार महिने आहेत, पण चार महिने आहेत म्हणून चार महिने लावू नका. स्पीच थेरपिस्टकडे दोन्हीत जायचंच.

मोबाइलने ऑटिझम होत नाही, ते डोक्यातून काढा. पण जेवायची वीस मिनिटं म्हणजे दिवसातली गप्पांची हक्काची वेळ, ती मोबाइलने घेतली. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि पुढे दिवसाला तासापेक्षा जास्त नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. एकदम बंद केला तर दोन दिवस उपाशी राहिल्यासारखं करेल, तिसऱ्या दिवशी जेवेल. समोर बसा, एका हातात पोळी एका हातात केळं, "पोळी की केळं?" आणि मग गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. आपल्याला तेवढं गप्प बसवत नाही हाच खरा प्रॉब्लेम आहे, आपणच "केळं हवं ना माझ्या सोन्याला" म्हणून त्याचं वाक्य बोलून टाकतो. त्याने "के" म्हटलं तरी लगेच द्या. आणि पाहुण्यांसमोर "बोल ना, म्हणून दाखव ना" अजिबात नाही.

प्रश्न: नात चौदा महिन्यांची. सगळं डाव्या हाताने करते. उजव्या हातात वस्तू दिली तरी टाकून देते. तिचा डावा हात बांधून ठेवला तर सवय मोडेल का? – एक आजोबा, चिपळूण

उत्तर: आजोबा, हात बांधू नका. डावखुरं असणं ही वाईट सवय नाही आणि मोडायचीही नाही. पण तुमचं निरीक्षण मला दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. दीड वर्षाच्या आधी मुलं सहसा एका हाताची नसतातच, जो हात जवळ तो पुढे करतात, डावरं-उजवं पक्कं व्हायला पुढे दोन-तीन वर्षं जातात. म्हणून इतक्या लहान वयात एकच हात चालतोय तर डावा जास्त का चालतो हे विचारायचं नसतं, उजवा कमी का चालतो ते विचारायचं असतं. उजवी मूठ जास्त मिटलेली असते का, झबल्यात हात घालताना उजवा कोपर कडक लागतो का, सरकताना उजवा पाय मागे राहतो का, एवढं सुनबाईंना बघायला सांगा, आणि उत्तर काहीही आलं तरी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून आणा. तुमचं पत्र आलं तेव्हा मी या एकाच पत्राला अंकाची वाट न बघता पोस्टाने उत्तर पाठवलंय, मिळालं असेल.

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे दोन वर्षांचा मुलगा आहे, वजन-उंची चांगली, पोषण ट्रॅकर ॲपवर काही प्रॉब्लेम दिसत नाही. दिवाळीपर्यंत आई, मामा, दूध म्हणायचा, हाक मारली की बघायचा. आता बोलत नाही, हाकेला बघत पण नाही, गाडीचं चाक फिरवत बसतो. घरचे म्हणतात दृष्ट लागली. मी सांगायला गेले तर आजी म्हणाली आमच्या पोराला वेडा ठरवते का. – जव्हार तालुका

उत्तर: ताई, तुम्ही जे टिपलंय ते भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. वजनकाटा वजन सांगतो, मूल तुमच्याकडे बघतं की नाही हे काट्याला कळत नाही. उशिरा येणाऱ्या गोष्टीला आपण मुदत देतो, वर त्या चिंचवडच्या आईला मीच दिलीये. पण आलेली गोष्ट गेली, शब्द गेले, बघणं गेलं, तर कुठल्याही वयात एक दिवसही थांबायचं नाही.

तुमच्या भागाचं म्हणजे, मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तोच पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण पुढच्या फेरीची वाट बघू नका, टीमच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि रेफरची चिठ्ठी मागा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे सगळे डीईआयसी म्हणतात ते, तिथे कान, विकास, स्पीच सगळं एका जागी बघायची सोय असते आणि पैसे लागत नाहीत.

आजीशी बोलताना आजाराचं नाव काढूच नका. नाव तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही, ते डॉक्टर बघतील. फक्त जे दिसलं ते बोला, "मावशी, दिवाळीत हा मला बघून हसायचा, आता हाकेला बघत नाही, कान तपासून आणू या." कान म्हटलं की लोक येतात, वेडा-शहाणा म्हटलं की दार लावून घेतात. आणि दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठ-मोहऱ्यांनी त्याचं काही बिघडणार नाही, काढून झाली की गाडीत बसवायचं. मामाच्या मोबाइलमध्ये दिवाळीतला एखादा व्हिडिओ असेल तर मागून घ्या, आत्ताचा एक मिनिटाचा तुम्ही काढा, दोन्ही डॉक्टरांना दाखवा, पानभर लिहिण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. जमलं तर पहिल्या खेपेला तुम्ही स्वतः बरोबर जा. केसपेपर कुठे काढायचा इथेच निम्मी माणसं गोंधळून परत फिरतात.